जोडणी जिवंत आहे

“रुपेऽऽ, ओ दे वोऽऽ!”

ही हाक बांधावरून यायची. दिवस कलला की कपाशीच्या तासांवरून, तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यावरून ती अशी तरंगत यायची की नाल्यापल्याडची गुरंसुद्धा चरता चरता माना वर करायची. कांताबाईच्या गळ्यात तेवढं बळ होतं. रुपाली तेव्हा फ्रॉकातली पोर, कधी बोरीखाली, कधी शेताच्या धुऱ्यावर मुंग्यांच्या वारुळापाशी रमलेली. हाकेला उत्तर म्हणून काही सांगायचं नसे. कुठं आहेस, काय करतेस, भूक लागली का, असलं काहीच माय विचारत नसे. नुसतं “ओ” म्हणायचं. त्या एका अक्षरात सगळं आलं. जित्ती आहे, धड आहे, हाकेच्या टप्प्यात आहे. मग मायची पाठ पुन्हा वाकायची, बोंडातला कापूस ओटीत पडू लागायचा आणि वाऱ्यासोबत तिची ओवी यायची:

हाक माझी गेली बाई, बांधावरून बांधाला,
लेक माझी ओ देते, जीव लागतो धंद्याला.

पुढं रुपाली शिकली, यवतमाळला आली आणि हाकेची जागा फोनानं घेतली. बाप, नागोराव, गेल्यावर आर्णीपासून आत, नदीकाठच्या त्या गावात माय एकटी उरली. तेव्हा मायलेकींनी एक रीत ठरवली. ठरवली म्हणजे काय, आपल्याकडं ती चालतच आलेली. आर्णीहून बसलेलं माणूस उमरखेडला उतरलं की घरी एक घंटी देतं, घरचं माणूस ती कापतं, आणि एक शब्द न बोलता पोचल्याची खबर पोचते. तसंच. सकाळी रुपालीनं फोन लावायचा, मायनं एका घंटीत कट करायचा. कट झाला म्हणजे बरं आहे. लागोपाठ दुसऱ्यांदा वाजला, तर मात्र काम निकडीचं, तेव्हा उचलायचाच.

दुसऱ्यांदा लावायची पाळी फारशी आली नव्हती, हे रुपालीला आपलं नशीब वाटायचं.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका शेडच्या वर, तिची कचेरी होती. खालच्या लेथवरच्या कातकामाची किरकिर दिवसभर पायांतून चढायची. कामाचं स्वरूप गावात सांगायची सोय नव्हती. “एआय एजंटांसाठी लिहिलेली पानं तपासते,” असं तिनं एकदा सांगून पाहिलं, तर शेजारच्या विमलताईनं विम्याचा एजंट धरला आणि घरातून आपली बंद पडलेली पॉलिसी घेऊन आली.

हा एजंट निराळा. यंत्रातला मदतनीस तो. माणसासारखा बोलतो, फोन लावतो, निरोप लिहितो. त्याच्या हाताशी साधनं दिलेली असतात. कुठलं साधन कधी वापरायचं, त्यानं काय सांगितलं म्हणजे काय समजायचं, हे एका पानावर लिहून दिलेलं असतं. रुपालीचं काम म्हणजे ते पान त्याच्यासारखं वाचणं. आपलं गाव, आपलं शिक्षण, आपला अनुभव बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचा आणि पानावर आहे तेवढंच खरं मानून पाहायचं, की एवढ्यावर विसंबून एजंट नीट वागेल की चुकेल. कचेरीत याला “कोरं वाचन” म्हणत. ऐकायला सोपं वाटतं. पण स्वतःला विसरून वाचणं कुणाला जमतं?

सध्या तिच्यापुढं “नाडी” नावाच्या साधनाचं पान होतं. गावोगाव म्हातारी माणसं एकटी राहतात, पोरं पुण्या-नागपुरात. त्यांच्या ख्यालीखुशालीची एक सेवा सुरू व्हायची होती. एजंट रोज सकाळी फोन लावणार. फोन नीट लागतो की नाही, दोष टॉवरचा की हातातल्या फोनचा, हे “नाडी” तपासून त्याला सांगणार. सोमवारपासून खरी माणसं जोडली जाणार होती, आणि पान पास की नापास हा शेरा रुपालीनं आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

पान रवीनं लिहिलेलं. रवी तिच्या आधीपासून कचेरीत. कोरं वाचन तिला त्यानंच शिकवलेलं, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. पहिल्या वाचनात तिनं त्याच्या पानातली एक खोट काढली होती. समोरच्यानं फोन कट केला तर काय समजायचं, हे पानावर नव्हतंच. मोठ्या हौसेनं तिनं वाक्यही सुचवलं: “या भागात एका घंटीनंतर फोन कट करणे म्हणजे सगळे बरे आहे असे कळवणे होय.” कचेरीचे मालक घनश्याम सर भलते खूश झाले. हे पुण्यात बसून कुणाला सुचलं नसतं, म्हणाले. रवीनं वाक्य जसंच्या तसं घातलं. चाचणीला एक खरा नंबर हवा होता, तो रुपालीनं मायचा दिला. पोळ्याला गावी गेली तेव्हा मायला समजावूनही आली, की सकाळचा फोन आता यंत्र लावेल, तू आपली कट करत जा. मायनं मान हलवली होती. तेव्हापासून रुपालीनं स्वतः फोन लावणं सोडलं होतं. एजंट लावतोच की.

आज सकाळी चाचणीचा निकाल पडद्यावर आला. “नाडी”नं सांगितलं होतं: “जोडणी जिवंत आहे. समोरून फोन कट.” त्याखाली एजंटानं लिहिलं होतं: “कांताबाई बऱ्या आहेत. घरच्यांना कळवले.” आणि घरचे म्हणजे रुपालीच, टेबलावरचा तिचा मोबाईल थरथरला आणि त्यावर तेच उमटलं. तुमच्या आई बऱ्या आहेत.

रोज असंच येत होतं. रोज ती वाचून पुढं सरकत होती. आज मात्र शेरा द्यायचा म्हणून तिनं ते कोरं वाचलं, आणि तिचा हात थांबला.

बऱ्या आहेत, हे कशावरून?

“नाडी” म्हणाली, जोडणी जिवंत आहे. म्हणजे टॉवर चालू, फोन चालू, लाल खुणेवर कुणाचं तरी बोट पडलं. बरं आहे असं ती कुठं म्हणाली? ते तर पानावरच्या एका वाक्यानं एजंटाच्या तोंडी घातलं. आणि ते वाक्य रुपालीचं होतं.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो पानातला नव्हता. मायचा आवाज फोनवर शेवटचा कधी ऐकला?

तिनं आठवून पाहिलं. पोळ्याला गेली तेव्हा माय बोलली होती, पुष्कळ बोलली होती, थांबतच नव्हती. पण फोनवर? त्याच्या आधी? एप्रिलातल्या जयंतीला? घंट्या आठवत होत्या, कट आठवत होते. आवाज आठवत नव्हता. इतके महिने ती एका लाल खुणेशी बोलत होती आणि तिला वाटत होतं, माय बोलते.

तिनं फोन लावला. एक घंटी, कट. रीतीप्रमाणे. तिनं लगेच दुसऱ्यांदा लावला. आता उचलायलाच हवा होता. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि संपता संपता कट झाली. तिसऱ्यांदा लावला. कट.

दुसरी घंटी म्हणजे निकड, ही रीत दोघींनी मिळून ठरवलेली. माय मोडणार नाही. मग फोन मायच्या हातात आहे का? कुण्या पोरानं उचलून खेळायला नेला का? का माय खाटेवर पडलीय, बोलायचं त्राण नाही, आणि लेकीला घोर नको म्हणून तेवढं बोट हलवतेय? तिनं “नाडी” चालवली. जोडणी जिवंत आहे. पुन्हा चालवली. जोडणी जिवंत आहे. साधन जितक्या वेळा तसं म्हणे, तितका तिचा जीव खाली खाली जाई.

तिनं विमलताईला फोन लावला. विमलताई आर्णीच्या बाजारात होती. मागं भाजीवाल्यांचा गलका चालू होता. सकाळी पाहिली वो तुह्या मायले, म्हणाली, अंगण झाडून राह्यली होती, मी बाजारातून काही आणू का म्हणून विचारलं, तर हू नाही की चू नाही. मग विमलताईचा आवाज जरा खाली आला.

“रुपे, एक सांगू? राग नको धरू. तुही माय आजकाल कोणाशीच बोलत नाही. आवाज देला तं मान बी वळवत नाही. भजनाले येत नाही, वट्ट्यावर बसत नाही. पहिले वाटलं माह्यावर रुसली, पर ती तं साऱ्या गावावरच रुसली.”

“मले काहून नाही सांगितलं ताई?”

“आता काय सांगू, तुही माय बोलत नाही म्हणून? तू रोज फोन करतं म्हणे. तुले मालूमच असंन वाटलं.”

जोडीदार गेल्यावर माणूस आतून कसं रितं होत जातं, हे रुपालीनं दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. आधी बोलणं जातं. मग जेवण. मग एक दिवस नुसतं बसून राहणं. आणि आपल्या मोबाईलवर सकाळी सकाळी येतं, तुमच्या आई बऱ्या आहेत.

ती उठून रवीच्या टेबलापाशी गेली. दादा, पान अडकतं, म्हणाली. एजंट जोडणीवरून माणूस ओळखतोय. रवीनं पडद्यावरून नजर न काढताच ऐकलं. साधन बरोबर आहे, तो म्हणाला, जोडणी जिवंत तर जिवंतच सांगणार, त्यात त्याचा काय गुन्हा. साधन बरोबरच आहे, रुपाली म्हणाली, पान चुकलंय. साधनाला काय कळत नाही, हेच पानावर नाही. आपल्या तपासणीच्या तक्त्यात शेवटचा रकानाच तसा आहे ना, “हे साधन काय सांगत नाही.” तो कोरा पडलाय.

“मग लिही ना, काही नाही म्हणून. सारेच लिहितात.”

“पण दादा, एजंट लिहून राह्यला, बऱ्या आहेत. त्याले कोणी सांगितलं?”

आता रवी वळला. थकलेला होता, आणि थकलेला माणूस बोचरं बोलतो.

“तूच सांगितलं. ते वाक्य माहं नाही, बाई. तुहंच आहे. सरांनी पाठ थोपटली तवा गोड लागलं, आता मलेच नापास करतं?”

खरंच होतं ते. दुसऱ्या मुलखातल्या माणसानं कट झालेल्या फोनाला नुसता कट झालेला फोन म्हटलं असतं. त्यातून “बरं आहे” ऐकू यायला आर्णीकडचीच पोर लागते.

घनश्याम सर दारात आले होते. काय चाललंय, त्यांनी विचारलं. रुपालीनं सांगितलं, की मायचा फोन लागतो, पण माय बोलत नाही, मला गावी जायचंय. सरांनी घड्याळाकडं पाहिलं नाही, एवढी त्यांची भलमनसाई. शेऱ्याचं काय, तेवढंच विचारलं. पाठवते, ती म्हणाली. काय पाठवणार हे तिनं सांगितलं नाही. तिला ते स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं.

आर्णीच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. सोयाबीन निघून गेलेलं, रानं उघडी पडलेली, कुठं कुठं मळणीचा भुसा उन्हात उडत होता. कपाशी फुटली होती. बाया ओटी बांधून तासातासानं सरकत होत्या. गाडीतून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती. रुपाली थोड्या थोड्या वेळानं फोन लावत होती. कधी पहिल्या घंटीत कट. कधी लांबच लांब वाजून कट. इतकी वर्षं त्या कटनं तिच्या जिवाला थंडावा दिला होता. आता प्रत्येक कट म्हणजे तोंडावर लावलेलं कवाड वाटत होतं. तिच्याही मनात मायच्याच चालीवर शब्द जुळू लागले. मायनं शिकवलेली सवय, भीती वाटली की जात्यावाणी काहीतरी फिरवत राहायचं:

लेक निघाली गावाला, गाडी धावे घाईघाई,
दारी उभी दिसू दे गं, दुजं मागणं काही नाही.

बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोणी आजारी हाय का बाई? मालूम नाही बाबा, ती म्हणाली. हे तिचं दिवसातलं पहिलं नेमकं उत्तर होतं.

मालूम नाही. तिनं मोबाईलवर तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात अंगठ्यानं लिहू लागली. गाडी हादरत होती, अक्षरं चुकत होती, ती पुसून पुन्हा लिहीत होती. “फोन कट झाला तर जोडणी चालू आहे एवढेच या साधनाला कळते. माणूस बरा आहे की नाही, हे कळत नाही. कट कोणी केला, का केला, हेही कळत नाही. हे पानावर लिहिलेले नाही. उलट बरे आहे असे समजावे, असे वाक्य पानावर आहे. ते माझ्या सांगण्यावरून घातले आहे आणि ते चूक आहे. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एजंटाने बरे आहे असे लिहू नये.” वर चौकटीत लिहिलं, नापास. पाठवून दिलं आणि मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला, कुणी बोलू नये म्हणून.

तरी तो थरथरला. सरांचा एकच शब्द होता, “बरं.” त्यानंतर बऱ्याच वेळानं रवीचा निरोप आला: “पान आजच सुधारतो. घरी पोचली की सांग. मिस कॉल नको देऊ, बोल.”

आर्णीच्या स्टँडवर गावचा ऑटोवाला उकंडा उभाच होता. गावातली अर्धी खबर त्याच्या ऑटोत बसूनच फिरते. रुपालीनं बसता बसता मायचं विचारलं. काकू ना, दिसली की सकाळी, तो म्हणाला, रस्त्याच्या मधातून चालून राह्यली होती, मी हॉर्नवर हॉर्न देला तं ढिम्म नाही, शेवटी ऑटोच नालीत घातला. “पहिले कशी, हॉर्न वाजवला तं माह्या सात पिढ्या काढे. आज शिवी बी देली नाही. मलेच कसंतरी झालं.” तो हसला, पण आरशात रुपालीचं तोंड पाहिलं, आणि मग गावापर्यंत त्यानं ऑटो असा पळवला की गिट्टी उडून चाकांवर वाजत होती.

सांज व्हायला आली होती. घराचं कवाड उघडं होतं. अंगणात झाडू आडवा पडलेला, सकाळचा सडा वाळून गेलेला. रुपाली उंबऱ्यापाशी थांबली.

माय होती. चुलीपाशी, दाराकडं पाठ करून बसलेली. चूल पेटवलेली नव्हती. परातीत कालवलेलं पीठ वरून सुकून तडकलं होतं. समोर पाट, पाटावर मोबाईल, आणि माय त्याच्याकडं पाहत बसलेली, जसं मांजर बिळाकडं पाहतं, सगळा जीव डोळ्यांत आणून.

“माय,” रुपालीनं हाक मारली.

माय हलली नाही.

“माय वो!” ती मोठ्यानं म्हणाली. अंगणातली कोंबडी दचकून फडफडत कुंपणावर चढली. मायच्या खांद्यावरचा पदरही हलला नाही.

तेव्हा रुपालीच्या मनात दिवसभर रचलेलं सगळं एकदम ढासळलं. तिनं हातातल्या फोनवरून नंबर लावला. का लावला, तिलाही सांगता आलं नसतं. पाटावरचा फोन खणखणला. घर त्या सुरानं भरून गेलं. मायनं त्या सुराकडं लक्ष दिलं नाही. तिनं पाहिला तो पडद्याचा उजेड. तिचं बोट झटकन पुढं आलं आणि लाल खुणेवर दाबलं गेलं. फोन विझला. आणि त्या विझलेल्या फोनावर वाकून, विहिरीत बोलावं तशा मोठ्या, बेसूर आवाजात माय म्हणाली:

“हाव वो बाई, हाय मी! तुले काय झालं? सांग ना मले, काय झालं?”

रुपाली पुढं गेली आणि तिच्यासमोर बसली.

माय अशी दचकली की पाट उलटला. मग तिनं लेकीचे दंड चाचपले, तोंडावरून पिठाचे हात फिरवले, कपाळ पाहिलं, गळा पाहिला. काय झालं, पडली का कुठं, नोकरी गेली का, कोणी काही बोललं का, असं ती विचारत सुटली. उत्तराला जागाच ठेवत नव्हती. पोळ्याच्या वेळीही ती अशीच बोलत सुटली होती, आणि रुपालीला वाटलं होतं, किती दिवसांनी भेटलो म्हणून मायला भरतं आलंय. आता तिला कळलं, की ज्याला प्रश्न ऐकू येत नाही तो प्रश्नाला सवडच देत नाही.

“काही नाही झालं, माय,” ती म्हणाली. “तू फोन काहून नाही उचलला?”

“च्या ठेवतो ना. दूध हाय.”

“माय, दुसऱ्यांदा वाजला तरी नाही उचलला.”

“विमल बाजारात गेली. येईन आता.” मायची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. ओठांवरून ती काही वेचू पाहत होती, फांटीवर उरलेला कापूस वेचावा तसं, आणि हाती काही येत नव्हतं.

रुपाली बोलायची थांबली. तिनं मायचे दोन्ही हात धरले आणि नुसती पाहत राहिली. एक शब्दही बोलली नाही, मान हलवली नाही. माय काड्यापेटी शोधायला उठू लागली. रुपालीनं हात सोडले नाहीत. माय म्हणाली, भाकरी टाकतो, भूक लागली असंन. रुपाली तशीच. माय म्हणाली, उकंड्यानं आणलं का, रस्ता खराब हाय, गाडी जोरात चालवतो बेट्टा. रुपाली तशीच. बोलायचं सरत आलं तशी माय हळूहळू गप्प झाली. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा पाटाखाली पालथ्या पडलेल्या फोनाकडं. मग हनुवटी पदरात धरली.

“तू एकावर एक फोन करून राह्यली,” ती म्हणाली. आवाज फार मोठा होता आणि तिला ते कळत नव्हतं. “मले वाटलं, पोरीवर काही आलं. विमल नाही, बाजूले कोणी नाही, कोणाच्या कानाले लावू फोन? उचलला तं तू बोलशीन आन् मले समजणार नाही, आन् तुले समजून जाईन. कट करनं तेवढंच माह्या हाती होतं. सकाळपासून इथून उठली नाही मी.”

रुपालीनं तिच्या कानाला हात लावला. मायनं तो तिथंच आपल्या हातानं दाबून धरला आणि डोळे मिटले.

“होळीच्या आधीपासून कमी होत गेलं,” ती म्हणाली. “डाव्यानं तं काहीच नाही. लोकं रुसली समजतात, समजू देलं. तुले सांगतलं असतं तं तू कामधंदा टाकून इथं येऊन बसली असती. म्हणून नाही सांगतलं. मले ऐकू येत नाही, रुपे. तुहा आवाजही येत नाही मले.”